सिग्नल आत्या

गाडीत दिवा लागला म्हणून गाडी थांबवणारं माणूस मी भिवंडीत एकच पाहिलं, आणि ते माझी आत्या होती. बाकी सगळ्या शहराचं याबाबतीत एकमत होतं. समोरच्या पट्टीवर दिवा लागला तर त्यावर बोटाने टकटक करायचं. विझला नाही तर त्यावर देवीचा स्टिकर लावायचा आणि ‘काय न्हाय होत’ म्हणून पुढे निघायचं. देवी आणि ‘काय न्हाय होत’ या दोनच शक्तींवर आमच्याकडचे ट्रक, टेम्पो, रिक्षा आणि बरेचसे संसार चालत होते. आत्या मात्र दिवा दिसला की शिस्तीत इंडिकेटर द्यायची आणि जिथे असेल तिथे गाडी उभी करायची. मग ते ‘जिथे’ अंजूरफाट्याच्या मधोमध का असेना.

एकदा ते अंजूरफाट्याच्या मधोमधच होतं. मी ठाण्याला कॉलेजात होते आणि आत्या मला फाट्यापर्यंत सोडायची. पुढ्यात पिवळा दिवा लागला, आत्याने गाडी थांबवली, आणि मागे सुताच्या गोण्यांनी भरलेल्या ट्रकांची रांग पार नारपोलीकडे लागली. हॉर्न वाजले, शिव्या झाल्या. शेवटी ट्रॅफिकचा हवालदार घाम पुसत आला.

“बाई, गाडी का थांबवली?”

“दिवा लागलाय.”

हवालदाराने वाकून दिवा बघितला, मग मागच्या रांगेकडे बघितलं. “अहो, इथं निम्म्या गाड्यांना पुढचे दिवे न्हायत, मागचे न्हायत. तुमच्या गाडीत आतून पन दिवा लागतो, तर तुम्ही तक्रार करता?”

“ज्यांना न्हायत त्यांना धरा,” आत्या म्हणाली. “मना कशाला धरता?”

त्या दिवसापासून घरातली आम्ही मुलं तिला सिग्नल आत्या म्हणायला लागलो. तिला ते कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “चालंल. सिग्नलला कोनी इचारीत न्हाय, पन हिशोबात तरी धरतात.”

ती बाबांची आणि बाळाकाकाची एकुलती एक बहीण. गणेशपुरीला दिलेली, लवकर विधवा झालेली आणि त्यानंतर टेमघरला आमच्याकडे येऊन राहिलेली. तिच्या नवऱ्याचा गवताच्या पेंढ्या वाहणारा टेम्पो होता. तो चालवायला ती त्याच्याकडून शेतात शिकली आणि पुढे रीतसर परीक्षा देऊन लायसन काढलं. परीक्षा देऊन लायसन मिळतं हे आमच्या घरात कुणाला पटत नसे, कारण बाकी कुणी कधी दिलीच नव्हती.

ती ब्रेकच्या बाबतीत एवढी काटेकोर, म्हणजे नवरा नक्की टेम्पोच्या अपघातात गेला असणार, असं आळीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. एकीने हळहळत तिला तसं विचारलंही. आत्या म्हणाली, “तो कावीळ होऊन गेला. टेम्पोला साधा ओरखडा न्हवता. पन तुमची गोष्ट चांगली हाय, तीच सांगा.” मग ती बाई गेल्यावर भाजी निवडता निवडता मला म्हणाली, “डोलं पिवलंधम्मक झालेलं. सगलं बोलत होतं, काय न्हाय, उतरंल. तो पन तेच बोलत गेला.” त्याबद्दल ती याहून जास्त कधी बोलली नाही.

आता गाडीची गोष्ट. त्या वर्षांत खाडीकडच्या आमच्या लोकांच्या जमिनींवर गोदामं उभी राहत होती आणि ज्या भाताच्या खाचरांना कुणी विचारत नव्हतं त्यांना एकदम भाव आला होता. आमचीही एक जमीन गेली. बाबांनी घराला मजला चढवला. बाळाकाकाने गच्चीवर सिमेंटचे दोन सिंह बसवले आणि मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी आणली, लांबलचक, चंदेरी, मुख्यतः पार्क करण्याच्या उपयोगाची. तिला म्हणे असे ब्रेक होते की जोरात दाबले तरी चाकं अडकून घसरत नाहीत, आणि अशी सोय होती की चिखलात चाक नुसतं फिरायला लागलं तर गाडी स्वतःच त्याला आवरते. काका हे सगळ्यांना सांगायचा. गाडी मात्र काही आठवड्यांतच पिवळे दिवे दाखवायला लागली. एका दिव्यात इंग्रजी अक्षरं होती. दुसऱ्यात एक घसरणारी गाडी आणि तिच्यामागे दोन वाकड्या रेघा होत्या. काका म्हणाला, ती डिझाइन आहे.

डिझाइन रोज दिसायला लागल्यावर काकाचा गाडीतला रस संपला. त्याच सुमारास खाडीलगतची आणखी एक जमीन विकायची बोलणी सुरू झाली होती, आणि वकिलाने सांगितलं होतं की बहिणीची सही लागेल. त्या भाऊबीजेला बाबा आणि काका यांचं बहिणीवरचं प्रेम अचानक दाटून आलं. आत्याने ओवाळलं, आणि काकाने ताटात गाडीची किल्ली ठेवली. काकीने डोळे टिपले. आत्याने किल्ली उचलून उलटसुलट करून बघितली.

“दिवं लागतात तीच ना?” तिने विचारलं.

“अगं, गाडी झक्कास हाय,” काका म्हणाला.

“झक्कास गाडी तू मना देशील?” असं म्हणून तिने किल्ली कमरेला खोचली. सहीचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. प्रेमालाही थोडी विश्रांती लागते.

दिव्यांचा छडा लावायचा हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. बाबांनी लाल रंगाचा गोल दिवा दाखवून सांगितलं की सगळी मशीन बदलावी लागेल. तो हँडब्रेक नीट खाली न घेतल्यामुळे लागला होता. आत्याने दांडी खाली केली, दिवा विझला, आणि बाबा पेपर वाचायला गेले. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले की दिव्यामागचा बल्ब काढा, दिवा कायमचा बंद. आत्या म्हणाली, “तुमची बायको बोलते तेव्हा काय करता?” काकाने देवीचा स्टिकर आणला. तो तिने मोठ्या भक्तीने हातात घेतला आणि देवघरात नेऊन लावला.

शेवटी ती नारपोलीला नईम मिस्त्रीच्या गॅरेजात गेली. नईम मूळचा उत्तरेकडचा. आधी लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचा, मग कानांना तो खडखडाट सहन होईना म्हणून गाड्यांच्या कामात शिरला. भाग्य असं की त्याच्या गॅरेजाच्या दोन्ही बाजूंना लूमचेच कारखाने होते. त्यामुळे तो कायम ओरडून बोलायचा, आणि आत्याही त्याच्याशी ओरडून बोलायची. त्यांचं साधं बोलणंसुद्धा लांबून मारामारीसारखं दिसे. तो हिंदीत बोलायचा, ती आमच्या बोलीत. दोघांनीही दुसऱ्याची भाषा बोलायचा कधी प्रयत्न केला नाही, आणि कधी काही अडलंही नाही.

“आपा, बैटरी का तार निकाल के लगा देता हूँ,” नईम म्हणाला. “लाइट चली जाएगी.”

“लाइट जाईल, का आजार जाईल?”

“लाइट.”

“मंग मना नको.”

नईमने तरी तार काढून लावली. दिवे गेले. दुसऱ्या दिवशी नारपोली ओलांडता ओलांडता पुन्हा लागले. आत्याने तशीच गाडी वळवून त्याच्या गॅरेजासमोर आणली, आतला एक स्टूल बाहेर घेतला आणि बसली. चाक उघडून बघितल्याशिवाय आपण उठणार नाही, असं तिने जाहीर केलं. बाईमाणूस गॅरेजाच्या दारात बसलंय म्हटल्यावर रस्त्यावरची गर्दी वाढली. चहावाल्याने आपणहून चहा आणला. नईमची त्या दिवशी चार लोकांत एवढी शोभा झाली की त्याला चाक उघडण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

चाक निघालं आणि आत काय होतं ते बघून नईमला हसू आवरेना. आमच्या रस्त्यांवर लूममधल्या सुताचे तुकडे आणि कापसाची भुकटी कायम उडत असते. ते सगळं मागच्या एका चाकाच्या आसाभोवती गुंडाळलं गेलं होतं. चिखल आणि ग्रीस लागून त्याचा घट्ट काळा बोळा झाला होता. त्या बोळ्याखाली बोटाएवढं एक सेन्सर दबलं होतं. नईमने समजावून सांगितलं की प्रत्येक चाकाशी असं एक सेन्सर असतं. चाक किती वेगाने फिरतंय ते ते गाडीला कळवतं. एका चाकाची खबर आली नाही की गाडी गोंधळते. मग ब्रेकची ती खास सोय आणि चाक आवरायची सोय अशा दोन्ही ती बंद करून टाकते, आणि म्हणून दोन्ही दिवे एकदम लागतात.

“म्हंजे चाकाच्या कानात कापूस गेला,” आत्या म्हणाली.

“हाँ. भिवंडी का कापूस,” नईम म्हणाला.

मग त्याने तिला एक गोष्ट शिकवली, आणि ती तिने आम्हा सगळ्यांकडून पाठ करून घेतली. पिवळा दिवा म्हणजे साधे ब्रेक चालतात, पण ओल्या रस्त्यावर जोरात दाबलेस तर गाडी घसरेल. हळू जा आणि गाडी दाखव. ब्रेकचा लाल दिवा लागला आणि हँडब्रेक खाली असला, तर जागेवर थांब, कारण ब्रेकचं तेलच कमी झालं असेल. त्यानंतर आत्या पिवळ्या दिव्याला रस्त्यात थांबेनाशी झाली. अंजूरफाट्याच्या हवालदाराला बहुधा चुकल्यासारखं वाटलं असेल.

त्याने आणखी एक सांगितलं होतं. किल्ली फिरवली की गाडी सगळे दिवे क्षणभर लावून दाखवते आणि मग विझवते. दिवे जिवंत आहेत हे त्यावरून कळतं. तेव्हापासून आत्या किल्ली फिरवल्यावर शाळेतल्या बाईंसारखी हजेरी घ्यायची. तोपर्यंत आम्ही गाडीत गप्प बसायचं. मी तिला म्हणायचे, आत्या, कॉलेजला उशीर होतोय. ती म्हणायची, “तुझ्या कालेजात गैरहजर पोरांना इचारीत न्हायत का?” न विचारणाऱ्या कॉलेजातच मी शिकत होते, पण हे तिला सांगायची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी काकाच्या मुलाचं, मनोजदादाचं, लग्न निघालं. आमच्याकडे लग्न म्हणजे हळदीपासूनच गाव बहिरं करायचं असतं, आणि काका कशातही मागे राहणारा नव्हता. वरातीसाठी त्याला ओवाळणीत दिलेल्या गाडीची पुन्हा आठवण झाली. त्या वेळी एका सेन्सरची तार तुटलेली होती, दुसरी तार मुंबईहून यायची होती, आणि पिवळे दिवे लागलेलेच होते. आत्याने गाडी दिली. फक्त एवढं सांगितलं की पिवळे दिवे लागलेले आहेत, गाडी हळू चालव.

काकाला वेगाची काळजी नव्हती. त्याला काळजी होती ती मुलीकडच्या लोकांची. नवरी पुढे बसणार, तिच्या भावांचं लक्ष जाणार, आणि दिवे पेटलेली गाडी बघून ते काय म्हणतील. म्हणून गाडी सजवायला आलेल्या माणसाकडून त्याने ती सगळी पट्टीच अंधारी करून घेतली. पिवळे बल्ब काढता काढता शेजारचा लालही निघाला. सजावट म्हणून चमचमणाऱ्या तारेच्या माळा गाडीला चारी बाजूंनी गुंडाळल्या. वरात दणक्यात झाली. सकाळी काकाने गाडी परत आणून लावली आणि तो झोपला.

त्या दिवशी नव्या जोडप्याला वज्रेश्वरीच्या देवीला न्यायचं होतं. गाडीत मनोजदादा, काकी, मी आणि नवी रोहिणी वहिनी. तिच्या हातातल्या हिरव्या चुड्याचा आवाज सोडला तर ती आल्यापासून आम्ही तिचा आवाज ऐकलाच नव्हता. आत्या चालवणार होती. ओटीचं सामान मांडीवर होतं. निरोप द्यायला अख्खी आळी जमली होती. आत्याने किल्ली फिरवली आणि थांबली. तिने पुन्हा किल्ली बंद करून फिरवली. समोरची पट्टी काळीठिक्कर होती.

“दिवं कुठं गेलं?” तिने विचारलं.

काका खिडकीशी आला. “दिवं न्हायत म्हंजे गाडी चांगली झाली. निघ आता, मुहूर्त टलतोय.”

“काल होतं. आज एक पन न्हाय. एका रात्रीत एवढी चांगली कशी झाली?”

काकाने मग खरं सांगितलं, कारण त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. आत्याने ऐकून घेतलं, किल्ली काढली, कमरेला खोचली आणि खाली उतरली. “नईमला बोलवा,” ती म्हणाली. “तो बघंल, मंग जाऊ.”

त्यानंतर जे झालं त्याला आमच्या घरात ‘तमाशा’ म्हणतात. काकी म्हणाली, देवीला निघालेलं माणूस असं उतरत नाही. बाबा म्हणाले, ताई, लोक बघताहेत. आळीतल्या बायका म्हणाल्या, विधवा बाईने नव्या नवरीच्या पहिल्या पावलाला आडवं येऊ नये. हे त्यांनी अगदी हळू म्हटलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल एवढं. काका तर संतापाने लाल झाला होता. त्या गाडीचा हरवलेला एकमेव लाल दिवा सापडला असं म्हणायला हरकत नव्हती.

“दे किल्ली. मी चालवतो,” तो म्हणाला.

आत्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती अंगणातल्या कट्ट्यावर जाऊन बसली. विधवेबद्दलचं ते वाक्य तिने ऐकलं होतं. मी तिच्या जवळ गेले तेव्हा ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. तिला मी असं कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी उत्तर द्यावं असं मला वाटत होतं, आणि ते देण्याएवढं धाडस माझ्यात नव्हतं.

तेवढ्यात गाडीचं मागचं दार उघडलं. रोहिणी वहिनी उतरली. डोक्यावरचा पदर सावरत, सगळ्यांच्या देखत, अंगण ओलांडून आली आणि आत्याच्या शेजारी कट्ट्यावर बसली. काकीने तिला हाक मारली. ती म्हणाली, “मी आत्यांसोबत येईन.” त्या घरात ती मोठ्याने बोललेलं हे पहिलं वाक्य. आत्याने तिच्याकडे नुसतं बघितलं आणि कट्ट्यावर थोडी सरकून तिला ऐसपैस जागा करून दिली.

नईम स्कूटरवर आला. त्याने बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाची बाटली बघितली, मग गाडीखाली झोपून मागच्या चाकाकडे बघितलं. सजावटीची तार सुटून चाकात गेली होती आणि ब्रेकच्या रबरी नळीवर घासत राहिली होती. नळी कापली गेली होती आणि तेल वाटेत आणि मग उभ्या गाडीतून हळूहळू गळून गेलं होतं. नईम कपडे झटकत उठला. त्याने ओरडून काही सांगितलं नाही. काकाला आत बसायला सांगितलं आणि ब्रेक दाबायला लावला. काकाने पाय ठेवला. पॅडल काहीही न अडता थेट तळाला जाऊन टेकलं.

काकाने पुन्हा एकदा दाबून बघितलं. पाय पॅडलवरच होता. वज्रेश्वरीच्या त्या रस्त्यावर एसटीच्या मागे कितीदा करकचून ब्रेक मारावा लागतो हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि गाडीत कोण कोण बसलं होतं हेही. काकी मनोजदादाच्या दंडाला धरून उभी राहिली. आता काका बहिणीजवळ जाईल असं मला वाटलं. तो उतरला, धोतराच्या निऱ्या नीट केल्या आणि म्हणाला, “पन झालं तर काय न्हाय ना.”

ज्याच्यामुळे काही घडत नाही त्या माणसाचे आभार मानायचे तरी कशाबद्दल, हा आमच्याकडचा जुना प्रश्न आहे. अपघात झाला असता, तर त्यातून वाचवणाऱ्याचा फोटो लावला असता. अपघातच झाला नाही, म्हणून तमाशा तेवढा लक्षात राहिला. आम्ही भाड्याच्या जीपने देवीला गेलो. वहिनीला आत्यानेच समजावून पाठवलं, स्वतः आली नाही. ती नईमला चहा करून देत होती.

रोहिणी वहिनीने मात्र काही महिन्यांनी गाडी शिकायचं काढलं. कुणाकडून, ते सांगायला नको. काका म्हणाला, घरात एक होती ती कमी होती का. वहिनीने ऐकून घेतलं आणि शिकली.

मग तो सहीचा दिवस आला. जमिनीचा सौदा ठरला होता. बाबा, काका आणि वकील दिवाणखान्यात बसले आणि आत्याला बोलावलं. काकाने कागद पुढे सरकवून बोट ठेवलं.

“काय न्हाय ताई, नुसती सही कर. इथं.”

“वाचून दाखव.”

“अगं, फॉर्मालिटी हाय.”

“तीच वाचून दाखव.”

वकिलाने वाचलं. त्यात लिहिलं होतं की वडिलांच्या मिळकतीतला आपला सगळा हक्क आत्या राजीखुशीने आणि भावांवरच्या प्रेमापोटी सोडते आहे. आत्या म्हणाली, “प्रेम हाय. पन राजीखुशी मना कोनी इचारली न्हाय.” आणि तिने सही केली नाही.

काका म्हणाला, “गाडी दिली ना तुला?” तो हे म्हणून बसला आणि मग त्याचं त्यालाच कसंतरी झालं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. पण शब्द गेला होता. आत्याने कमरेची किल्ली काढून कागदावर ठेवली. “ओवालनी परत मागनारे भाऊ बघितलं,” ती म्हणाली. “आता सगलं बघून झालं.”

दुसऱ्या दिवशी ती तिची पत्र्याची पेटी घेऊन एसटीने गणेशपुरीला गेली. मी तिला स्टॅंडवर सोडायला गेले होते. मी रडत होते. ती मला म्हणाली, “रडू नको. परीक्षा दे. आनि बापाशी भांडू नको, त्याला येत न्हाय.” बस सुटल्यावर तिने हात केला नाही. तिच्या मांडीवर पेटी होती आणि दोन्ही हातांनी तिने ती धरून ठेवली होती.

तिच्या सहीशिवाय कुणी जमीन घेईना, म्हणून अखेरीस तिचा वाटा तिला द्यावा लागला. तो तिने विकला नाही. गोदामांच्या दोन भिंतींच्या मध्ये तिचं भाताचं खाचर तसंच राहिलं. लावणीला ती गणेशपुरीहून यायची, चिखलात उतरायची आणि आमच्या दारावरून न थांबता परत जायची. काका म्हणायचा की त्या तुकड्यात पोतंभर भातसुद्धा होत नाही. ते खरं होतं. लावणीच्या दिवसांत बाबा उगाचच ओट्यावर बसून राहायचे, एवढं मी बघितलं होतं.

बहीणभावांचं बोलणं वर्षानुवर्षं बंद राहिलं. मग ती आजारी असल्याचं कळलं. बाबा एक दिवस मला म्हणाले, “चल जरा.” कुठे ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गणेशपुरीला आत्या पडवीत खाटेवर बसली होती. फार वाळली होती. बाबांना बघून ती म्हणाली, “ये. रस्ता सापडला?”

“सापडला,” बाबा म्हणाले.

ते तिच्या खाटेजवळ खालीच बसले. दोघं बराच वेळ पावसाबद्दल, भाताबद्दल, मेलेल्या माणसांबद्दल बोलली. माफी वगैरे कुणी मागितली नाही. आमच्याकडे ती वस्तू मिळत नाही. निघताना बाबांनी तिच्या पायांवरचं घसरलेलं पांघरूण नीट केलं आणि नंतर ते तसेच थोडा वेळ पायांवर हात ठेवून बसले. आत्या म्हणाली, “आता जा. अंधार व्हायच्या आत पोचा.” त्या हिवाळ्यात ती गेली.

तिला जाऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा बाबांच्या वाट्याची टेमघरची जागा मुलांच्या नावावर करायचं निघालं. माझा भाऊ टेमघरलाच होता. माझं लग्न झालं होतं, मी ठाण्याला राहत होते. बाबांनी फोन करून एवढंच सांगितलं की ओळखपत्र घेऊन भिवंडीला ये. मी गेले तर ते कचेरीत आधीच रांगेत उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. खिडकीतल्या कारकुनाने कागद चाळले आणि नाक वर केलं.

“मुलीचं नाव भावाच्या बरोबरीने कशाला? लग्न झालंय ना तिचं? उगाच पुढे भानगड नको. नुसतं मुलाचं टाकू.”

मला वाटलं, बाबा आता मान हलवतील. आयुष्यभर त्यांनी खिडकीपलीकडच्या माणसापुढे तेवढंच केलं होतं.

“बहीण बोलायची बंद झाली ती झाली,” बाबा म्हणाले. “मुलगी बोलती राहू दे.”

कारकुनाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि माझं नाव लिहिलं. ते चुकीचं लिहिलं होतं, एक वेलांटी पहिलीऐवजी दुसरी. बाबांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि ते पुन्हा लिहायला लावलं. मागची रांग कुरकुरायला लागली. नाव बरोबर लिहून होईपर्यंत बाबा त्या खिडकीपासून हलले नाहीत.